बिनकडीचे पाय

उडत्या पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे पळत्या पोराचं नाक पुसणं. हात पुढे न्यावा तर ते कधीच निसटलेलं असतं. हे वाक्य फ्रेमवाल्याचं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ते ऐकवायचा आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच हसायचा.

धंदा त्याचा चौकटींचा. लाकडाच्या पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. पण गेल्या चार वर्षांत नाव झालं ते चित्रांमुळे. तसे ते फोटोच. पण जवळ जाऊन नाक टेकवेपर्यंत माणूस शपथेवर सांगेल की हे कोणीतरी हाताने रंगवलंय. संगणकावर तो पक्ष्याला आधी कापून वेगळा करी. मागचं पाणी आणि गवत ओल्या रंगासारखं ओघळवी. पंखांवर जाड ब्रशचे फटकारे मारी आणि सगळ्यावर जुन्या कॅनव्हासचा पोत चढवी. डोळा मात्र होता तसा लख्ख ठेवी. "डोळा पुसला की पक्षी मेला," असंही तो म्हणे. बोलायला काही तो कमी नव्हता.

चित्रं खपत होती. दातांच्या डॉक्टरकडे तीन लागली होती आणि लोक ती तोंड उघडं ठेवून बघत. अर्थात तिथे दुसरं काही करताही येत नाही. सगळ्यांत जास्त मागणी शेकाट्यांना. शेकाट्या हा पाणथळ जागेतला पक्षी. काळे पंख, पांढरं पोट आणि देवाने उरलेलं सगळं सामान पायांतच घातलंय की काय, असे लांबच लांब गुलाबी पाय. उडताना ते पाय शेपटीच्या मागे सरळ ताणलेले दिसतात. फ्रेमवाल्याच्या भिंतीवरचे सगळे शेकाटे उडते होते, आणि सगळ्यांचे पाय स्वच्छ होते.

बुधवारी दुपारी त्याचे सासरे दुकानात आले.

सासरे म्हणजे शाळेतले निवृत्त विज्ञान मास्तर. सगळे त्यांना वाळेमास्तर म्हणत, कारण निवृत्तीनंतर त्यांनी शेकाट्यांच्या पिल्लांच्या पायांत रंगीत कड्या घालण्याचा उद्योग आरंभला होता. डाव्या पायात दोन, उजव्या पायात दोन. प्रत्येक पिल्लाची रंगांची जोडी निराळी, म्हणजे पुढे कधी तो पक्षी दिसला तर रंग वाचून ओळखता यावा, हा कोण, कुठल्या वर्षीचा, जगला किती. पाच वर्षं मास्तर संध्याकाळच्या गारव्यात तळ्याच्या मधल्या बांधावर जात आणि घड्याळ लावून काम उरकून परत येत. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. आता ते पश्चिमेच्या काठावर खुर्ची टाकून दुर्बिणीतून बघत बसत. जावयाच्या चित्रांत त्यांना फारसा रस नव्हता. "पक्षी होता तसा काय वाईट होता?" असं एकदा विचारून त्यांनी तो विषय संपवला होता.

म्हणूनच फ्रेमवाल्याला ते आलेले बघून नवल वाटलं.

"जावईबापू, शेकाटे किती आहेत तुमच्याकडे?"

"विकत हवेत, बाबा?"

"बघायला हवेत."

मास्तरांनी खिशातून भिंग काढलं. आधी भिंतीवरची चित्रं, मग कोपऱ्यात टेकवून ठेवलेली, मग विकल्या गेलेल्या चित्रांचे छोटे नमुने ठेवलेली फाइल. प्रत्येक चित्राशी थांबत, भिंग शेपटीच्या मागे नेत, हळूहळू सरकवत. डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, त्यामुळे नाक अगदी कॅनव्हासला लागत होतं. तास गेला. तेवढ्या वेळात फ्रेमवाल्याने एकच पट्टी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा चुकवली. मास्तर काय शोधताहेत हे त्याला पहिल्या चित्रापाशीच कळलं होतं.

"चाळीस पक्षी," मास्तर शेवटी स्टुलावर बसत म्हणाले. "ऐंशी पाय. एकावरही कडी नाही."

फ्रेमवाल्याने चौथ्यांदा पट्टी मोजायला घेतली.

"मला अंदाज होताच म्हणा. पण अंदाज वेगळा आणि पुरावा वेगळा." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "रविवारी पक्षीमंडळाची वार्षिक सभा आहे. हे वाचणार आहे मी. एकसष्ट पिल्लांना कड्या घातल्या. त्यांतलं एकही तीन वर्षांत परत दिसलेलं नाही. आणि नवी पिल्लंही घटत चालली आहेत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत चौतीस-पस्तीस असायची. मग चौदा. मग नऊ. यंदा तीन."

"पण त्याला कारणं असतील ना, बाबा. पाणी, हवा..."

"पाणी तेच आहे. हवा तीच आहे. नवं काय आलं? माझी कडी. आता वीण घालायची ती या कडीवाल्यांनीच ना?" मास्तरांनी भिंग रुमालात गुंडाळलं. "पाणगवतात अडकत असेल. चिखल धरत असेल. पाय जड झाला की पक्षी उडणार कसा? हे बघा ना, तुमच्या भिंतीवर बिनकडीचे सगळे कसे मजेत उडताहेत. माझे एकसष्ट कुठे गेले? मारली मी ती पोरं. अभ्यास अभ्यास म्हणत आपल्या हातांनी मारली."

मास्तरांचा आवाज चढला नव्हता. वर्गात निकाल वाचून दाखवावा तसा सपाट होता, आणि फ्रेमवाल्याला तोच सहन होईना.

"यांतली आठ चित्रं रविवारी सभागृहात आणाल का? लोकांना दाखवतो. मग कोणी पुन्हा कड्या घालायचं नाव काढणार नाही."

आता खरं म्हणजे तोंड उघडायची वेळ हीच होती. फ्रेमवाल्याने उघडलंही, आणि त्यातून बाहेर पडलं ते असं : "आणतो, बाबा."

मास्तर गेले. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि भर दुपारी अंधारात बसला.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मास्तरांनी मधल्या बांधाच्या तोंडाशी पाटी लावून घेतली होती : विणीच्या दिवसांत इथे कोणीही पाऊल टाकू नये. पाटीची चौकट फ्रेमवाल्यानेच करून दिली होती, चांगल्या सागवानी लाकडाची. आणि पंधरा दिवसांत त्या चौकटीला वळसा घालून बांधावर पहिलं पाऊल टाकलं तेही त्यानेच. घरी सांगायचं, लाकडाच्या वखारीत जातो. दर रविवारी वखार. बाकी कुठल्याही काठावर दोन-दोन तास बसावं तेव्हा एखादा पक्षी उडे, तोही पाठ करून. बांधावर तसं नव्हतं. पाय ठेवला की शेकाटे आपणहून उठत, डोक्यावर गोल गोल फिरत, एवढे जवळ येत की लेन्स मागे घ्यावी लागे. शटर दाबून धरायचं फक्त. त्याला वाटे, हे आपल्याला पोज देताहेत. आपण काय, उभे राहतो, फोटो काढतो, येतो. पक्ष्याला कोण हात लावतंय!

पहिल्याच महिन्यात संगणकावर एक फोटो मोठा करताना त्याला पायात कडी दिसली होती. पिवळी वर, निळी खाली. आनंदाने त्याने फोन उचलला होता सासऱ्यांना सांगायला. नंबर फिरवताफिरवता त्याच्या लक्षात आलं, पहिला प्रश्न येणार : कुठून काढलात? फोन खाली ठेवला. चित्र मात्र फार सुरेख होत होतं. डाग पुसायचा एक ब्रश असतो, त्याने दोनदा घासलं की फोटोतलं काहीही जातं, चेहऱ्यावरचा मुरूम काय आणि पायातली कडी काय. दोन सेकंदांचं काम.

मनाशी म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी दिसेलच की हा पक्षी. पण दुसरं कोण बघणार? पश्चिमेच्या काठावरून शेकाट्यांचे पाय गवतात आणि पाण्यात बुडालेले असतात. पक्षीमंडळात वीस-पंचवीस माणसं, त्यांतली निम्मी चहासाठी येणारी. आणि एकदा पुसली की मग प्रत्येक वेळी पुसणं आलंच. नाहीतर या चित्रात आहे आणि त्या चित्रात नाही, असं कसं? जित्याची खोड लागायला जन्म लागत नाही, चार रविवार पुरतात. पुढे पुढे तर गिऱ्हाइकंच म्हणू लागली, काय सफाई आहे हो तुमच्या कामात! आणि तो मान डोलवी.

तीन वर्षं दर रविवारी दुपारी सासरे जेवायला येत, आणि बायको विचारी, "बाबा, दिसली का एखादी कडी?" मास्तर मान हलवत. फ्रेमवाला त्या वेळी पाण्याचा तांब्या शोधी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याने झाकलेल्या मुठीत एका म्हाताऱ्याची झोप होती, आणि ती त्याला तीन वर्षं टोचली नाही असं मी म्हणणार नाही. टोचली. पण टोचतंय ते सोसायची सवय होते, हेच तर वाईट.

अर्ध्या शटरखाली बसून त्याने मूळ फोटो उघडायला घेतले. चित्र तयार झालं तरी मूळ फाइल एका बाजूला ठेवायची त्याची पद्धत होती. यंदाचे मिळाले. गेल्या वर्षीचे मिळाले. पहिल्या वर्षीचा कप्पा उघडला तर रिकामा. संगणकात जागा उरेना म्हणून त्यानेच टाकून दिले होते. उरलेल्यांत त्याने एक-एक पाय मोठा करून बघितला आणि रंगांच्या जोड्या पुठ्ठ्यावर लिहिल्या. एकच पक्षी दोनदा आला असेल तर खोडला. खाली बेरीज आली चौदा. चौदा वेगवेगळे पक्षी, कड्यांसकट, धडधाकट.

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं आणि सांगायचं. पण भित्र्या माणसाला दोन टोकांच्या मधली वाट लगेच सापडते. फ्रेमवाल्याला वाटलं, चौदा कशाला दाखवायचे? एक दाखवू. यंदाचा, ताजा. पश्चिमेच्या काठावरून मिळाला म्हणू. मास्तरांना धीर येईल, कागद फाडून टाकतील, आणि कोणाचं काही उघड्यावर येणार नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

शनिवारी सकाळी तो सासऱ्यांकडे गेला. बायको आधीच तिथे होती. सभेला घालायच्या सदऱ्याला ती इस्त्री करत होती, आणि मास्तर खिडकीशी उभे राहून कागद मोठ्याने वाचायची तयारी करत होते. फ्रेमवाल्याने पिशवीतून फोटो काढला. न रंगवलेला, न पुसलेला, नुसता फोटो.

"बाबा, हा गेल्या रविवारी मिळाला. पश्चिम काठावरून. काल मोठा करून बघताना पायात काहीतरी दिसलं."

मास्तरांनी भिंग लावलं. मग फोटो खिडकीच्या उजेडात नेला. परत भिंग लावलं. फोटो आणि भिंग दोन्ही एकदम सांभाळता येईना, तेव्हा लेकीने येऊन फोटो धरला.

"डाव्या पायात हिरवी वर, पांढरी खाली," ते म्हणाले. "उजव्यात... लाल? लालच ना गं?"

"लाल, बाबा. खाली पिवळी."

"अरे, हा तर चौथ्या वर्षीचा! बांधाच्या टोकाचं घरटं. चौघांतला सगळ्यांत किडमिडीत. मी म्हटलं होतं, हा काही टिकत नाही." त्यांनी वही काढलीच नाही, सगळं पाठ होतं. "टिकला की रे! टिकला लेकाचा!"

एवढं हसताना फ्रेमवाल्याने त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं. बायकोने इस्त्री बाजूला ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मास्तर खोलीत दोन फेऱ्या मारून खुर्चीत बसले. फोटो मांडीवर ठेवला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं.

"एक," ते म्हणाले.

"एक तर एक, बाबा. म्हणजे कडीने मरत नाहीत."

"कसं म्हणता? एकसष्टांत एक. म्हणजे साठ गेले." त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. "एकही दिसत नव्हता तोवर म्हणता येत होतं, लांब कुठे गेले असतील, आपली नजर पोचत नसेल. आता हा दिसला. म्हणजे जो जगला तो दिसतो. मग बाकीचे का दिसत नाहीत? तुमच्या चाळीस चित्रांत का नाहीत?" त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नसता दिसला तर बरं झालं असतं. या एकाने साठांचा हिशेब पक्का केला."

मधली वाट काढणाऱ्याचं हे असं होतं. काठी तर तुटलीच, आणि सापही पायाखालीच.

"बाबा," फ्रेमवाला म्हणाला, "एक नाहीये."

"काय एक नाहीये?"

"चौदा आहेत." आणि मास्तरांनी काही विचारायच्या आत, धरण फुटावं तसा तो बोलून गेला. "चौदा वेगवेगळे. माझ्याकडे मूळ फोटो आहेत. चित्रांत कड्या नाहीत, कारण मी पुसल्या."

बायको चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली.

"कशाने?" मास्तरांनी विचारलं. विज्ञानाचा मास्तर, आधी तेच विचारणार.

"संगणकावर एक ब्रश असतो. डाग पुसायचा."

"डाग," मास्तर म्हणाले. शिकवताना नवा शब्द फळ्यावर लिहून बघावा तसा तो शब्द त्यांनी उच्चारला. "आणि का?"

"बांधावरून काढले होते. पाटी होती तिथून आत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कुठून ते विचारलं असतं."

"वखार," बायको म्हणाली. तिने कप टेबलावर ठेवले. "रविवारी वखार बंद असते, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. मला वाटलं, जाऊ दे, आठवड्यात एक सकाळ माणसाला स्वतःची हवी असते. मी विचारलं नाही. मला काय ठाऊक, तुम्ही ती सकाळ बाबांच्या नरड्यावर ठेवताय!"

तिच्याकडे बघायची फ्रेमवाल्याची छाती झाली नाही. मास्तरांनीच हात वर करून तिला थांबवलं.

"फोटो कुठे आहेत?"

लॅपटॉप पिशवीतच होता. त्याने तो टेबलावर मांडला. मास्तरांना पडद्यावरचं नीट दिसेना, म्हणून वाचायचं काम त्याच्याकडे आलं. स्वतः पुसलेली एकेक कडी त्याला आता मोठ्याने म्हणावी लागली. पिवळी वर, निळी खाली. लाल, लाल. पांढरी, हिरवी. आणि मास्तर डोळे मिटून एकेकाला ओळखत होते : हा दुसऱ्या वर्षीचा, याच्या आईने माझ्या टोपीवर धाड घातली होती, ही पहिल्या वर्षीची, म्हणजे आता चांगली आठ वर्षांची म्हातारी. बायको वहीत खुणा करत होती. तिचा हुंदका आणि तिचं हसू यांत फरक कळत नव्हता.

"पहिल्या हंगामातले?" चौदावा झाल्यावर मास्तरांनी विचारलं.

"ते टाकून दिले, बाबा. जागा नव्हती."

"किती होते कडीवाले?"

"पाच असतील. सहाही असतील."

"वहीत 'असतील' लिहिता येत नाही," मास्तर म्हणाले, पण रागाने नाही. राग यायला त्यांना सवड नव्हती. ते चौदाचा गुणाकार करत होते. "चौदा दिसले, म्हणजे न दिसलेले आणखी तेवढेच तरी असणार. उत्तम आहे हे. कुठल्याही रानातल्या पक्ष्यासाठी उत्तम. कडीने कोणी मेलं नाही." ते लेकीकडे वळले. "कडीने कोणी मेलं नाही गं!"

फ्रेमवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. शिव्या खायची तयारी करून आला होता, त्याऐवजी म्हातारा हसत होता. सुटलो, असं त्याला वाटलं. माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो! समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवताना ते पडद्याकडे वाकले. यावेळी पायांकडे नाही.

"याची चोच उघडी आहे."

"हो, बाबा. ओरडतात ते फार."

"पुढचा दाखवा." त्याने दाखवला. "याचीही. पुढचा." तो दाखवत गेला. "सगळे ओरडताहेत. हे किती वाजताचे आहेत?"

फोटोबरोबर वेळ नोंदलेली असते. फ्रेमवाल्याने वाचली. दहा पन्नास. अकरा पाच. अकरा चाळीस. बारा वाजून दोन मिनिटं.

"म्हणजे तुम्ही तिथे किती वेळ थांबायचात?"

"दोन तास. कधी अडीच. ते खाली बसतच नसत, त्यामुळे सोपं जायचं."

मास्तर बोलले ते अगदी हळू, वर्गातल्या ढ पोराला शाळा सुटल्यावर थांबवून समजवावं तसे.

"जावईबापू, शेकाट्याचं घरटं म्हणजे उघड्यावरचा एक खळगा. वर सावली नाही. ऊन चढलं की आईबाप पाळीपाळीने पाण्यात जाऊन पोट भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात, गार ठेवायला. दुपारी तर जराही हलत नाहीत. त्या वेळी ते उठले म्हणजे कोणीतरी उठवलेलं असतं. डोक्यावर घिरट्या घालतात त्या हौसेने नाही. खाली आमची अंडी आहेत, जा इथून, असं ते ओरडत असतात. आणि तुम्ही जात नव्हता. अर्धा तास पुरतो त्या उन्हात. आतलं शिजतं."

खोलीत इस्त्रीचा वास होता. बायकोने पेन वहीवर आडवं ठेवलं.

"पिल्लं चौदा, नऊ, तीन," ती म्हणाली. तिने मोठ्याने बोलायला नको होतं, आणि तिने मोठ्याने बोलून बरं केलं.

फ्रेमवाल्याला ती चाळीस चित्रं आठवली. एकेका चित्राखाली, चौकटीच्या बाहेर, खळग्यात चार चार अंडी. ती त्याला कधी दिसली नव्हती, कारण तो सतत वर बघत होता. त्याने तोंड झाकलं. रडावं तर म्हाताऱ्याने समजूत काढावी लागेल, आणि तेवढा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्याला कळत होतं.

मास्तरांनी सभेचा कागद पुढे ओढला. पेन्सिलने कड्यांबद्दलच्या चार ओळी खोडल्या. घटत्या पिल्लांचे आकडे तसेच ठेवले. शेवटी 'मारली मी ती पोरं' असं होतं, त्यावर त्यांची पेन्सिल थांबली आणि पुढे गेली. मग कागद त्यांनी जावयाकडे सरकवला.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे आता मी वाचून चालणार नाही."

"बाबा, मी... सगळ्यांसमोर?"

"मी सगळ्यांसमोरच वाचणार होतो." मास्तर उठले. "आणि ती आठ चित्रं आणा. ठरलंय आपलं."

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात वीस-बावीस माणसं जमली. भिंतीला लावून आठ शेकाटे मांडले होते, ओल्या रंगात न्हालेले, डोळा लख्ख. प्रत्येकाच्या शेजारी मूळ फोटो, पायात कड्यांसकट. मास्तर पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. बायको खिडकीशी.

फ्रेमवाल्याने वाचलं. एका दमात नाही वाचता आलं. दोनदा पाणी प्यावं लागलं. कड्यांनी एकही पक्षी मेला नाही, हे आधी सांगितलं. मग बांध, पाटी, रविवार, वेळा. मग आकडे. शेवटचं वाक्य त्याने कागदावर न बघता म्हटलं. किती, ते सांगता येणार नाही, असंही म्हणाला, कारण मोजायला मी कधी खाली बघितलंच नाही.

कोणी शिट्टी मारली नाही, कोणी उठून गेलं नाही. तसं काही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. लोक नुसते खाली बघत होते, दुसऱ्याच्या घरात भांडण ऐकू आल्यावर बघतात तसे. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या. मनाने फार मऊ. त्याचा चेहरा त्यांना बघवेना, हे उघड होतं.

"झालं ते झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण चित्रं किती सुंदर आहेत हो तुमची! पक्षी अगदी नाचताहेत."

फ्रेमवाल्याने सासऱ्यांकडे बघितलं. मास्तरांनी मान हलवली नाही की हात केला नाही. हे उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

"नाचत नाहीयेत, बाई," तो म्हणाला. "मला हाकलताहेत."